काच कशाने पुसता?

— नाही नाही, बूट तिथंच दाराशी राहू द्या, त्या निळ्या सपाता घाला, पाहुण्यांसाठीच ठेवल्यात — आणि लिफ्ट बंद आहे हे फोनवर सांगायचं राहूनच गेलं बघा, पाच मजले तुम्ही पोरीला कडेवर घेऊन चढलात, माझी मलाच लाज वाटते — या, बसा, दम खा आधी. तुमचं काम झालंच आहे, इस्क्राताई. झालंच म्हणायचं. बाकीच्या चकत्या घासूनपुसून खोक्यात भरून ठेवल्यात, वर नेदाचं नावही कोरलंय, बघा हवं तर — ही तेवढी एक राहिली, व्हायोलिनवाली. कापतेय. आवाज येतोय ना काचबंद गच्चीतून, घों घों, तो तिचाच. म्हणजे पंख्याचा आणि हवेच्या पंपाचा. लेझरला स्वतःला आवाज नसतो, गुपचूप कापतो तो, निळा ठिपका नुसता. तिकडे बघायचं असेल तर हा चष्मा लावा — आणि नेदाला तिकडे जाऊ देऊ नका हं, झाकण आहे मशीनवर नारिंगी, पण तरी नको, मला धडधडतं. दहा मिनिटं. फार तर पंधरा. काय झालंय, मशीन जरा अशक्त झालीय. पहिल्यासारखं कापत नाही.

हा? हा बोयान. हो, माझाच. नेदापेक्षा मोठा — बराच मोठा आहे, अंगानं दिसत नाही एवढंच. बोयान, टाटा कर मावशीला. बघा, हसतो कसा. हसण्यात एक नंबर. गोधडीवर ठेवला की बसून राहतो, त्रास म्हणून नाही, शेजारणी म्हणतात झ्लाटिना, तुझं नशीब, आमची पोरं कपाटं उचकटतात आणि तुझा बुद्धासारखा बसून — अगं बाई, नेदा! अहो, ही तर पळतेच! अकरा महिन्यांची ना? चालते कसली, पळतेय! काही नाही, काही नाही, पडू द्या चमचा, तो बोयानचाच आहे, घेऊ दे तिला. बोयान, दे बाळा बहिणीला. बघा कसा बघतोय तिच्या पायांकडे. नजर हलवत नाही. मी कॉफी ठेवते. बानित्साही आहे सकाळची, सासूबाईंनी केलेली, चीज जरा जास्त झालंय पण गरम केली की — नाही, त्या नाहीत घरी. शनिवारचा बाजार असतो ना, तिथून मग चर्चमध्ये मेणबत्ती लावून येतील. वेळ आहे त्यांना यायला. म्हणूनच म्हटलं तुम्ही आत्ता या.

म्हणजे — घरात गर्दी नको म्हणून म्हटलं.

तर मशीन. ऐका ना, मजाच आहे. नवऱ्यानं आणली, स्टामेननं — तो ट्रक चालवतो, महिना महिना बाहेर, कधी जर्मनी कधी स्वीडन — तर मागच्या हिवाळ्याआधी आला तो हे खोकं घेऊनच. म्हणाला, तू शाळेत असताना चित्रं काढायचीस, आता घरबसल्या काढ. आता मी सातवीतून शाळा सोडलेली, मला कुठलं कॉम्प्युटर येतंय, पण शिकले बाई. रात्रीबेरात्री फोनवर बघून बघून शिकले. आधी दारावरच्या पाट्या केल्या, मग स्वयंपाकघरातले पाट, मग एका बाईनं विचारलं की पोराच्या पहिल्या पावलांच्या सोहळ्याला लाकडी चकत्या करून देशील का — आणि मग काय, रांगच लागली. सगळ्यांना हव्यातच. पांढरं कापड अंथरायचं, पाव गडगडवत न्यायचा, पोर मागे मागे धावणार, पलीकडे टेबलावर वस्तू मांडलेल्या, पोर जे उचलेल ते त्याचं नशीब — पण आता कोण घरात खरीखुरी कात्री नि सुई ठेवणार पोरापुढे? मग ह्या चकत्या. एकावर पुस्तक, एकावर कढई, एकावर डॉक्टरची नळी, एकावर विमान. ह्या शहरातल्या निम्म्या पोरांनी आपलं नशीब माझ्या हातचं उचललंय, ताई! हसू नका, खरंच.

सासूबाई काय म्हणतात माहितीये? म्हणतात, "सूनबाई, तू गावभरच्या पोरांना पावलं वाटत बसलीस, आता घरच्याला कुठली उरणार?" थट्टेनं हो. थट्टेनंच म्हणतात. पण बोललेलं परत तोंडात जात नाही ना.

हं, कॉफी. साखर? तर पहिल्यांदा ती असं कापायची — काय सांगू, तीन मिलिमीटरचं पॉप्लरचं प्लायवूड, एकाच फेरीत, आणि मी फळी उचलली की चकत्या आपोआप टपटप खाली. तो आवाज मला इतका आवडायचा! पिकलेलं फळ पडावं तसा. मग नाताळ झाला, आणि त्यानंतर एकदा उचलली तर — काही पडेना. दाबून बघितलं, हलेना. मागून बघते तर रेघ नुसती करपलेली, आरपार गेलेलीच नाही. म्हटलं वेग जास्त ठेवला असेल. कमी केला. मग कडा जळायला लागल्या, काळ्याकुट्ट, हात लावला की बोटं काळी, पण कापायचं नाव नाही. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, चार. ताकदच गेली तिची. दिसायला सगळं जागच्या जागी — ठिपका पडतोय, रेघ उमटतेय, नाव सुरेख कोरतेय, कोरण्यात काही खोट नाही — फक्त आरपार जायची वेळ आली की नाही. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते? सगळं करते, आणि जे करायचं तेवढं करत नाही.

नाही, नाही, बसू द्या त्याला, त्याला बसायला आवडतं. तो सरकतो की. बोयान, दाखव सरकून — हा बघा, असा, एक पाय पुढे दुमडून, ढुंगणावर. भराभर सरकतो, फरशी पुसून निघते माझी. धरून उभाही राहतो. कोचाला धरून राहतो की — जास्त वेळ नाही. आळशी आहे, बापासारखा. स्टामेन पण दीड वर्षाचा होईपर्यंत चालला नव्हता, सासूबाई सांगतात. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर पण म्हणाले, अठरा महिन्यांपर्यंत वाट बघा, पोरं आपापल्या वेळेनं चालतात. बघितली वाट. आता एकोणीस झाले. त्यांना परत जाऊन सांगायचंय, जाईन. जाणारच आहे.

मशीनचं सांगत होते. तर मी काय केलं, एकेक करून सगळं तपासलं. इतकी चिकाटी माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. आधी लाकूड. आमचं प्लायवूड तळघरात, तिथं ओल, म्हटलं ओलं लाकूड कापत नसेल — सगळ्या फळ्या वर आणून हीटरमागे उभ्या केल्या, आठवडाभर घरात सुताराच्या दुकानासारखा वास. सुकल्या. नाही कापलं. मग डोक्याची उंची. म्हणजे लेझरचं डोकं लाकडापासून नेमकं किती वर ते — ठरावीकच पाहिजे, केसभर वरखाली झालं की ठिपका पसरतो, आणि पसरला की ताकद गेली. त्याला एक छोटा धातूचा ठोकळा येतो, मध्ये ठेवून मापायचा. तो ठोकळा सापडेना! कुठं होता सांगा? ह्याच्या तोंडात! काढला, धुतला, मापलं. तरी खात्री म्हणून एक फळी तिरकी ठेवून, एका टोकाला पुस्तक लावून, तिच्यावर लांब रेघ ओढून बघितली — जिथं रेघ सगळ्यात बारीक तिथं बरोबर उंची. बरोबरच होती. ठोकळ्याइतकीच. मग हवेचा पंप. तो धूर बाजूला सारतो, नाहीतर धूरच उजेड खातो. माशांच्या पेटीचा पंप आहे तो, नळी काढून गालाला लावून बघितली, वारा येत होता. मग खालच्या मजल्यावरचे पेन्चो काका आले मीटर घेऊन, अडॅप्टरला सुया लावून बघितल्या, म्हणाले, "झ्लाटिना, वीज बरोबर आहे, बिघाड तुझ्यात असेल." सगळे थट्टेखोर भेटलेत मला.

पण मी सांगू, ताई — मला त्यात बरं वाटायचं. वेड्यासारखं वाटेल ऐकायला. पण यादीच असते ना मशीनची, हे बघा, ते बघा, हे नसेल तर ते. प्रत्येक वेळी काहीतरी करायला असतं हाताला. घट्ट करा, पुसा, मोजा. नुसतं "वाट बघा" असं कुणी म्हणत नाही. वाट कशी बघतात हो? बसून बघतात की उभं राहून? मला नाही जमत. रात्री हा झोपला की मी त्याच्या पायाशी बसते आणि — जाऊ दे.

नेदा, ते नको बाळा, कॉफी गरम आहे — घ्या, हिला घ्या. किती छान पाऊल टाकते, टाच टेकवून. पहिल्यापासून टाच टेकवते का हो? असंच असतं का? नाही, सहज विचारलं. हा उभा राहतो ना कोचाला धरून, तर ह्याची एक टाच वरच असते. उजवी खाली, डावी वर. नाचणाऱ्या बाईसारखी. सासूबाई हसतात, म्हणतात हा होरोच्या रांगेत सगळ्यात पुढे नाचणार. तो लाल-पांढरा दोरा पण त्यांनीच बांधलाय त्याच पायाला. लोक मार्चमध्ये मनगटाला बांधतात, ह्यांनी घोट्याला बांधला, की पाऊल सुटेल. मी काही बोलले नाही. दोऱ्यानं काय नुकसान होतं?

दोऱ्यानं नाही होत.

बरं, शेवटी काय निघालं ते सांगते, हसून हसून मराल. राहिलं होतं काय, तर काच. लेझरच्या तोंडाशी एक इवलीशी काच असते, नखाएवढी, आतल्या भिंगाला धूर लागू नये म्हणून. ती मळली की उजेड अडतो. हे मला पहिल्यापासून माहिती होतं! म्हणून तर मी ती पुसायचेच, चार-सहा दिवसांनी, कापसाच्या काडीनं. आणि कमी कापायला लागली तशी रोज पुसायला लागले. सकाळ-संध्याकाळ. पुसली की वाटायचं, आता कापेल. नाही कापायची. मग अजून पुसायची. शेवटी ज्यांच्याकडून मशीन घेतली त्यांना फोन लावला, फोनवर फोन करून करून एक माणूस मिळाला, तरुण होता, नीट बोलत होता. मी त्याला सगळं सांगितलं, लाकूड, उंची, पंप, वीज. तो म्हणतो, शाबास, सगळं बरोबर केलंत. मग म्हणाला, "आणि काच कशाने पुसता?"

मी म्हटलं, राकियानं.

मला वाटलं फोन कट झाला. हॅलो हॅलो केलं. तर तो म्हणतो, "कुठल्या राकियानं?" म्हणजे बघा, आपलाच माणूस! मी म्हटलं, घरची. स्टामेनच्या मामांनी गाळलेली, प्लमची दारू, सासूबाई बरणीत ठेवतात ती. अहो, मशीनच्या पुस्तकात लिहिलं होतं स्पिरिटनं पुसा, शुद्ध. आता मामांच्या राकियाहून शुद्ध काय असणार? काडी लावली तर निळी ज्योत धरते! घरात जखमेवर तीच, तापात छातीला तीच, दात दुखला तर गुळणी तीच, खिडक्या तिनंच पुसतो. मला दुसरं सुचलंच नाही. कुणाला सुचलं असतं? तर तो म्हणाला, "बाई, त्यात काय काय घातलंय?" — आणि तेव्हा मला आठवलं. ती बरणी साधी नाहीच. सासूबाईंनी तिच्यात पाला घातलाय, चेस्टनट घातलेत, मध घातलाय. चोळायची बरणी आहे ती. पाय चोळायची. मी रोज सकाळ-संध्याकाळ मध आणि पाल्याचा अर्क त्या काचेवर फासत होते, ताई, आणि वरून उजेड पेटला की तो भाजून निघत होता. थरावर थर. जितकं जास्त पुसलं तितकं तिला कमी दिसायला लागलं. मीच. दुसरं कुणी नाही. जीव लावून लावून आंधळी केली तिला.

हसला तो. मीही हसले. फोन ठेवला आणि मग न्हाणीघरात जाऊन बसले.

— हो, त्याच्याच पायांना वास येतोय. आला ना तुम्हाला? मला वाटलंच येईल. धुतले होते सकाळी, तरी राहतोच. त्याच बरणीतली. सासूबाई रोज झोपताना चोळतात, आणि त्या दमल्या की मी. जोरात चोळायचं, खाली ओढून ओढून, त्या म्हणतात हाडं बसतात जागेवर. रडतो. म्हणजे डावा ओढला की रडतो, उजव्याचं काही नाही. त्या म्हणतात रडू दे, रडला म्हणजे लागू पडतंय. आणि मी — मला त्या फोनपासून, ताई, दुसरं काही सुचत नाहीये. मी काच पुसत होते ना, तशीच. चांगलं म्हणूनच करत होते ना. मग ह्याचंही तसंच असलं तर? कुणी मला विचारलंच नाही, पाय कशानं चोळता. डॉक्टरांनी नाही, कुणीच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना?

नाही, रडत नाहीये. धूर आहे. पंखा खेचतो बाहेर, पण थोडा राहतोच.

काय? कुठं? — हो. पडली ती चकती. दिसली का तुम्हाला इथून? बारीक नजर आहे. हो, पडली. मघाशीच पडली. तुम्ही जिना चढत होतात तेव्हाच. पहिल्याच फेरीत. औषधाच्या दुकानातून साधं स्पिरिट आणलं काल, काचेवर धरून ठेवलं कापसानं, मऊ झाला थर, निघाला, आणि काय सांगू — पूर्वीसारखी टपटप. मशीन बरी आहे. मशीनला काही झालेलं नाही. मी आत ती रिकामीच फिरवतेय. एका टाकाऊ फळीवर. त्याच त्याच रेघेवरून.

रागावू नका. मी सांगते. तुमची ऑर्डर आली ना, तर मी बघितलं कोण आहे, पत्ता लिहायला — तुमचा फोटो होता, पांढरा कोट, गरम पाण्याच्या उपचाराची ती इमारत आहे ना नदीपलीकडे, तिच्या पायऱ्यांवर, आणि तुमच्याभोवती पोरं. पायांना पट्ट्या बांधलेली पोरं. मी तो फोटो किती वेळा काढून बघितला असेल. आणि म्हटलं, ही बाई माझ्याकडे येणार. स्वतःच्या पायांनी येणार. मी काही तिला बोलवत नाहीये, मी काही पोराला कुठं घेऊन जात नाहीये, कुणी मला म्हणू शकणार नाही की सूनबाई, तू आमच्या पोरावर आजार ओढवून आणलास. ती चकत्या न्यायला येईल, मी म्हणेन एक राहिलीय, ती बसेल, हा तिथं गोधडीवर असेल. आणि तिचं तिलाच दिसेल. मला विचारायला लागणार नाही. मला विचारता येत नाही हो, इस्क्राताई. शब्द इथपर्यंत येतो आणि — म्हणून तर तुम्ही आल्यापासून मी लाकूड आणि काच सांगत बसलेय.

तुम्हाला कळलं होतं? कधीपासून? — दारातूनच? तो सरकला तेव्हा?

बरं.

घ्या ना. घ्या, घ्या, काढा मोजे. करा खाली आडवा. तो रडणार नाही, अनोळखी माणसाला बुजत नाही. नेदाला मी धरते, ये गं माझ्याकडे, ये, आपण व्हायोलिन बघू. मी इकडे तोंड करून उभी राहते, चालेल ना? मला नाही बघवणार. तुम्ही करा तुमचं. हे बघ नेदा, तारा बघ किती बारीक आल्यात, चार तारा, ह्या कोरायला सगळ्यात कठीण, डोकं जरा हललं की एकीत एक मिसळतात — बोयान? काय झालं? — नाही, कण्हला नुसता. तुमचे हात गार असतील. आमच्या घरात जिन्यातून वारा येतो. उद्या सोहळा ना तुमचा? पाव कोण भाजणार, आजी? मध जास्त लावा वरून. आणि पाव मोडला की पाहुण्यांना म्हणावं हातात तुकडा घेऊन बसू नका, चालत चालत खा, घरभर फिरा, म्हणजे पोर कुठं अडत नाही. आमच्याकडे तसंच करतात. तुमच्याकडे पण? बरं आहे.

गुडघे? दोन्ही दुमडून? मी नाही बघितलेत असे धरून कधी. एक वर एक खाली दिसतोय — म्हणजे काय? अहो, तो वळवळतो, सरळ कुठं राहतो, परत धरा. परत धरा ना. मांडीवरच्या वळ्या तर जन्मापासून तशाच आहेत, डावीकडे एक जास्त, मी तिला पापी घ्यायची जागा म्हणायचे.

फोटो? खुब्याच्या सांध्याचा? सोनोग्राफीचा तो, तान्ह्या बाळांचा करतात तो — हो, चिठ्ठी दिली होती आम्हाला. तो तीन महिन्यांचा असताना. तारीख मिळाली आणि त्या दिवशी एवढा बर्फ, घाटात बस अडकलेल्या, स्टामेन बाहेर. सासूबाई म्हणाल्या, धडधाकट पोराला काय बघायचंय, एवढ्या थंडीत मारशील त्याला. मग तारीख गेली. मग परत मागायची राहिली. हसत होता हो, ताई. दूध पीत होता. गुबगुबीत होता. सगळं कोरल्यासारखं सुरेख होतं, मला काय माहीत आत —

तुम्ही गप्प का झालात?

नाही, तुम्ही आधीपासूनच गप्प आहात. मीच बोलतेय. मलाच थांबता येत नाहीये, थांबले की तुम्ही बोलाल. सासूबाई येतील आता, जिन्यात काठी वाजली की आपल्याला कळेल. सरळ चढत नाहीत त्या, प्रत्येक मजल्यावर कुणाशी तरी भांडतात. वेळ आहे. ही फळी जळायला लागली, वास बघा, बंद करायला हवी, एकाच जागेवरून किती वेळा नेणार. थांबा. झाकण उघडायच्या आधी पंप बंद करायचा असतो. हा पंप. हा पंखा.

हं.

केवढं शांत झालं. नेदा, श्श. त्याचा पाय सोडू नका, असाच हातात राहू द्या तुमच्या. मी वळले, बघा. मी बघतेय. खालीच बसते मी, इथं, तुमच्याजवळ.

सांगा, ताई. आता मी एक शब्द बोलणार नाही.